पखवाजाची कणीक

धावड्याहून भाच्याचा फोन आला तेव्हा मी पाणीपट्टीच्या चुकीच्या आकारणीबाबत एका स्मरणपत्राचा मसुदा करीत बसलो होतो. "मामा, जल्दी निघा. बाबा उठून न्हाई राह्यले," एवढेच तो म्हणाला. मी त्याला विचारत राहिलो, डॉक्टर आले का, नाडी कोणी पाहिली, केव्हापासून असे आहे... न्यायालयात शिरस्तेदारी करीत हयात गेलेल्या माणसाला अशा वेळीही प्रश्नच सुचतात. तिकडून फोन ठेवला गेला. दुःख पुढे यथावकाश आले. आधी आली ती भीती, आणि ती माझ्या चांगल्या ओळखीची होती. परक्या देशातल्या एका काचेच्या दाराबाहेर ती मला पूर्वी एकदा भेटली होती. दाजी दाराच्या आत आहेत, मी बाहेर आहे, आणि आता आक्कासमोर कोणत्या तोंडाने उभे राहायचे, अशी ती भीती होती.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. भोकरदन तालुक्यातल्या धावड्याची वडिलोपार्जित शेती आणि वडिलांकडूनच आलेला शिसवी पखवाज, एवढा त्यांचा संसार. जालना वेगळा जिल्हा झाला आणि माझी बदली तेथील न्यायालयात झाली, तेव्हापासून त्यांचे माझ्याकडे येणे वाढले. भुईमुगाच्या शेंगांचे गाठोडे ओट्यावर टाकून ते म्हणत, "जज्जसाहेब, आज कुणाला फाशी दिली?" शिरस्तेदाराला साधी हजेरीची तारीखही देता येत नाही, हे मी त्यांना अनेकदा गांभीर्याने समजावले, आणि दर वेळी त्यांनी ते तितक्याच गांभीर्याने ऐकून घेऊन पुढच्या खेपेस तोच प्रश्न विचारला. स्वभावाने ते भित्रे मुळीच नव्हते, हे मला येथे नोंदवून ठेवायचे आहे. शेजाऱ्याच्या विहिरीत नाग पडला होता तेव्हा दोर धरून खाली उतरले ते दाजीच.

पखवाजाच्या उजव्या तोंडाच्या कातडी पुडीवर कायमची शाई असते, डाव्या पुडीला मात्र दर वेळी ताजी कणीक लावावी लागते. त्याशिवाय तिच्यातून खर्ज निघत नाही. दाजी ती बिनमिठाची कणीक स्वतः मळत, ओल्या हाताने थापत, आणि कीर्तन संपले की अंगठ्याने खरवडून घरी नेत व गाईपुढे ठेवीत. खरवडलेला कणही त्यांनी कधी उकिरड्यावर टाकला नाही. अन्न आहे ते, म्हणत. हा तपशील मी मुद्दाम देत आहे, कारण पुढचे सर्व त्यावरूनच घडले.

माझ्या निवृत्तीनंतर थोड्याच काळात आखाती देशातल्या एका शहरातून कीर्तनाचे निमंत्रण आले. आमच्याच भागातून कामधंद्यासाठी गेलेल्या मंडळींनी तेथे भजनी मंडळ चालवले होते. कीर्तनकार महाराज, दोन टाळकरी आणि साथीला दाजी, असा चौघांचा मेळ ठरला. इंग्रजी येणारा कोणी हवा म्हणून पाचवा मी. त्यापूर्वी आमच्यापैकी कोणी विमान जवळून पाहिलेही नव्हते. आक्काने होकार दिला तो माझ्यावर जबाबदारी टाकूनच. "भाऊ, तू संगं जाऊन राह्यलास म्हणून जाऊ देते," ती म्हणाली, "नेशील तसाच बराबर आणून घाल." मी हसलो. कागदपत्रे चोख असलेल्या माणसाला कोणी अडवू शकत नाही, अशी माझी त्या काळी खात्री होती.

दाजींना विमानाची भीती नव्हती, भीती होती ती विमानाच्या पोटाची. सामान जेथे ठेवतात तेथे बर्फासारखी थंडी असते, असे त्यांना कोणी तरी सांगितले होते. थंडीने चामड्याची वादी आखडली तर पुडी फाटणार, या धास्तीने त्यांनी पखवाजाला आक्काच्या दोन जुन्या लुगड्यांत गुंडाळून वर गवसणी चढवली होती. मुंबईच्या विमानतळावर खिडकीवरच्या मुलीने वजनकाट्याकडे पाहिले, दाजींच्या चेहऱ्याकडे पाहिले, आणि पखवाज हातातले सामान म्हणून सोबत नेऊ दिला. आत विमानातल्या बाईंनी तो कोट टांगण्याच्या कपाटात उभा केला. विमान जरा हलले की दाजी मला कोपराने ढोसत, "भाऊ, इचारा ना तिला, पडला तर न्हाई?" मी दोनदा विचारले. तिसऱ्यांदा त्या बाई स्वतःच येऊन, पडला नाही असे हाताने खुणावून गेल्या.

कीर्तने उत्तम झाली. मंडळींनी आम्हांला घरोघर जेवू घातले, समुद्र दाखवला, सोन्याची दुकाने दाखवली. दाजी मात्र सगळीकडे गाय शोधत होते. कणीक कोणाला घालायची? त्या शहरात ना गाय, ना बैल, ना गल्लीत हिंडणारी शेळी. यजमानीणबाई म्हणाल्या, कचऱ्याच्या पिशवीत टाका. दाजींनी त्यांना हो म्हटले आणि टाकली मात्र नाही. रोजची खरवड ते आदल्या दिवशीच्या गोळ्यात दाबत, ओल्या फडक्यात बांधत आणि गवसणीच्या तळाशी ठेवीत. घरच्या गाईला घालू, असा त्यांचा हिशेब. हे आम्हां कोणाला ठाऊक नव्हते... आणि ठाऊक असते, तरी त्यात गैर काय आहे असेच आम्ही सगळे म्हणालो असतो.

परतीच्या दिवशी त्याच विमान कंपनीच्या खिडकीवरच्या तरुणाने पखवाज काट्यावर ठेवायला लावला आणि हा हातात नेता येणार नाही असे सांगितले. तो सामानात टाकावा लागेल, सामानाचे वजन मुळातच भरलेले आहे, सबब जादा वजनाचा आकार भरा. त्याने सांगितलेला आकार दाजींच्या संपूर्ण बिदागीला पुरून उरणारा होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तीच कंपनी, तेच तिकीट, तोच पखवाज. जाताना जे हातातले सामान होते ते येताना जादा कोणत्या नियमाने झाले? तिकिटामागच्या बारीक अक्षरातल्या अटी मी जालन्यातच भिंग लावून वाचलेल्या होत्या. त्या त्याच्यापुढे ठेवून मी त्याला तो नियम दाखवायला सांगितले. हा आमचा नेहमीचा आकार आहे, तो म्हणाला. नेहमीचा म्हणजे लेखी नव्हे, मी म्हणालो. मागे रांग वाढत होती. "भाऊ, देऊन टाका. पैसं जाऊ द्या, पर विमान जाईल," दाजी माझी बाही ओढत कुजबुजले. मी त्यांना थांबवले. मी बरोबर होतो. आजही मी बरोबर आहे.

अखेर तो तरुण म्हणाला, गवसणीतले जड काही काढून हातात घ्या, तेवढेच वजन कमी होईल. दाजींना हायसे वाटले. त्यांनी तेथेच खाली बसून गवसणी सोडली. पखवाज सुरात लावायची हातोडी काढली. लुगडी काढली. आणि तळाशी बसलेला गोळा काढून दोन्ही हातांनी खिडकीच्या फळीवर ठेवला. करडा पडलेला, ओल्या फडक्यात करकचून बांधलेला, आंबूस वासाचा, दोन मुठींएवढा... त्या तरुणाने हात मागे घेतला. तो ओरडला नाही. त्याने फक्त कोणाकडे तरी पाहिले, आणि पाहता पाहता आमच्याभोवतीची सारी जागा रिकामी झाली.

गणवेशातल्या दोघांनी दाजींच्या दंडांना धरून त्यांना आत नेले. मी मागोमाग गेलो. काचेच्या दारापाशी एकाने माझ्या छातीवर तळहात ठेवून मला थोपवले. त्याच्या खांद्याला बंदूक होती. मी इंग्रजीत सांगत होतो, हे गव्हाचे पीठ आहे, स्फोटक नव्हे, हे वाद्य आहे, यांना वकील मिळण्याचा अधिकार आहे, कोणत्या कलमाखाली तुम्ही... माझा आवाज मला परक्यासारखा ऐकू येत होता आणि त्या माणसाच्या चेहऱ्यावरची रेषाही हलत नव्हती. हयातभर मी माणसांना कायदा दाखवीत आलो होतो. तेथे तो मी कोणाला दाखवणार होतो? त्या देशात माणूस आत गेला की पुढे काय होते, याविषयी यजमानांकडे जेवताना ऐकलेल्या साऱ्या गोष्टी मला एकदम आठवल्या.

काचेतून दिसत होते ते असे. टेबलावर गोळा. हातमोजे घातलेला एक अधिकारी. समोर दाजी, टोपी हातात. एकाने त्यांचा समोरून आणि बाजूने फोटो काढला. अधिकारी गोळ्याकडे बोट करून काही विचारत होता आणि दाजींच्या ओठांवरून मला एकच शब्द कळत होता : कणीक, कणीक, कणीक. मग दाजींनी टेबलाकडे हात नेला. बंदूकवाला एक पाऊल पुढे आला. दाजींनी सावकाश गोळ्याचा तुकडा तोडला, त्याला दाखवला, आणि तोंडात घातला. चावला, गिळला. अधिकारी पाहत राहिला. दाजींनी दुसरा तुकडा तोडला. आठवडाभराची खरवड होती ती, कातड्याची, घामाची, आंबलेली. पुरे असे त्यांना कोणी म्हटले नाही, म्हणून ते खात राहिले. खाताना त्यांची नजर त्या अधिकाऱ्यावरून हलली नाही. शाळेतले पोर छडीकडे पाहते तशी ती नजर होती. विहिरीत उतरणाऱ्या या माणसाला तसे पाहताना मी कधी पाहिले नव्हते.

दार उघडले तेव्हा टेबलावर नुसते फडके उरले होते. बाहेर येऊन ते मला एवढेच म्हणाले, "पाणी हाय का?"

महाराजांनी व टाळकऱ्यांनी आपापल्या बिदाग्या काढून दिल्या आणि जादा आकार भरला गेला. हातोडी अधिकाऱ्यांनी तेथेच ठेवून घेतली. पखवाज पुन्हा लुगड्यांत गुंडाळून विमानाच्या पोटात गेला. परतीच्या प्रवासात दाजींनी मला एकदाही कोपराने ढोसले नाही. मुंबईला सामानाच्या सरकत्या पट्ट्यावर पखवाज आला, तेव्हा पोराचा ताप पाहावा तसे त्यांनी लुगड्याआडून दोन्ही पुड्यांवरून हात फिरवला. पुड्या शाबूत होत्या.

आक्काला मी कबूल केल्याप्रमाणे माणूस आणून घातला. मग पत्रे सुरू केली. कंपनीच्या मुंबई कार्यालयास, मुख्यालयास, विमान वाहतूक खात्यास. कंपनीचे उत्तर आले : आपल्या भावनांची नोंद घेतली आहे. मी भावना कळवल्याच नव्हत्या, मी नियम विचारला होता. तेव्हा ग्राहक मंचात तक्रार करण्याचे ठरवून मी कागद तयार केले आणि दाजींच्या शपथपत्रावर सही घेण्यासाठी धावड्याला गेलो. त्यांनी कागदाला हात लावला नाही. "माझं नाव घालू नका," ते म्हणाले. "त्यांच्यापाशी माझा फोटो हाय." मी त्यांना समजावले की आपण आपल्या देशात आहोत, कायदा आपल्या बाजूने आहे, त्यांचे कोणी येथवर येऊ शकत नाही. त्यांनी बराच वेळ ऐकून घेतले. मग अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "भाऊ, कायदा तुमच्या संगं भायेर उभा व्हता. आत मी एकलाच व्हतो."

तक्रार दाखल झाली नाही. तिची संचिका माझ्या कपाटात आहे आणि माझा प्रश्न अनुत्तरित आहे. परंतु त्या दिवसानंतर मी दाजींना पाहत आलो, आणि मला राग येण्याआधी भय वाटत आले. सायकलची घंटी वाजली की टपाल आले समजून ते गोठ्यात जात. गावात पोलिसांची जीप आली की त्यांचा घास हातात राही. सकाळी निघून सायंकाळी परतता येईल एवढ्याच गावी ते साथीला जात. मला मात्र पूर्वीसारखेच विचारत, "जज्जसाहेब, आज कुणाला फाशी दिली?" पण उत्तर ऐकायला थांबत नसत.

दाजींचे दिवसकार्य उलटून काही आठवडे झाल्यावर परवा मी धावड्याला गेलो. त्यांच्या खोलीत खिडकीखाली चुंबळीवर पखवाज होता, गवसणीवाचून. गेले त्याच्या आदल्या सायंकाळी ते जाफराबादहून कीर्तनाची साथ करून आले होते. दमलोय, सकाळी खरवडतो म्हणाले आणि आडवे झाले. डाव्या पुडीवर ती कणीक तशीच आहे. वाळून कवडीसारखी पांढरी झाली आहे, तिला भेगा पडल्या आहेत, आणि तिच्यात त्यांची चार बोटे व तळव्याची कड स्वच्छ उमटली आहे.

भाच्याचे म्हणणे बरोबर आहे. वाळलेली कणीक पुडी ओढते, तिला किडे लागतात, उंदीर येतात. ती काढून पखवाज वाजता ठेवला पाहिजे. आक्का त्याला हात लावू देत नाही. "मामा, तुमीच निकाल द्या आता," तो म्हणाला. मी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या. मी भिंतीशी, त्या पखवाजापासून जमेल तेवढा दूर बसलो होतो. श्वासही जपून घेत होतो. एवढ्यात घरावरून एस.टी. गेली. खिडकीचे गज थरथरले, आणि करंगळीच्या ठशापाशी एक टवका सुटून चुंबळीवर पडला. आक्काने तो उचलून तळहातावर घेतला. ठेवावा कोठे हे तिला कळेना. तिने मूठ मिटली आणि रस्त्याकडे कान देऊन बसली.

शेवटची गाडी चुकेल म्हणून मी उठलो. उंबरठ्यापाशी पोचलो तोच ती मागून म्हणाली, "दार हळूच लोट, भाऊ."