राष्ट्रीय चर्चा आणि बाबांची गोळी

देशाचं काय करायचं, हे रोज संध्याकाळी सात वाजता ठरायला लागायचं आणि आठ वाजता न ठरताच राहून जायचं. पडद्यावर चार चौकटी, चार चौकटींत चार तोंडं, मधे सूत्रसंचालक, आणि खाली उजव्या कोपऱ्यात बशीएवढ्या वर्तुळात एक बाई. तोंड बंद, हात चालू.

वाहिनीत तिला सगळे कोपरेबाई म्हणायचे. खरं नाव फक्त पगारवाल्या कारकुनाला ठाऊक होतं, आणि तोही अडखळायचा.

ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी ही चर्चा खुणांच्या भाषेत सांगायची, हे कोपरेबाईंचं काम. स्टुडिओला लागून मोडक्या खुर्च्या टाकायची एक खोली होती. त्यातल्या निम्म्या खुर्च्या काढून तिथे निळा पडदा आणि एक कॅमेरा लावला, की झालं वर्तुळ. अंगात काळा सदरा, हातात अंगठी नाही, नखांना रंग नाही. "हात म्हणजे माझी जीभ," त्या म्हणायच्या. "जिभेला कुणी रंग लावतं का?"

कानात एक बोंडाएवढं यंत्र. त्यातून चर्चा ऐकू यायची आणि अधूनमधून निर्माता ऐकू यायचा. हा निर्माता काचेपलीकडे बसून सगळ्यांच्या कानात बोलायचा, म्हणून त्याचं नाव पडलं होतं कानातला. सूत्रसंचालकाला सगळे तोफ म्हणायचे. त्याचं कारण सांगायची गरज नाही.

एक माणूस बोलत असला की कोपरेबाईंना कसली अडचण नव्हती. व्याजदर असो, अर्थसंकल्प असो, नाहीतर परदेशी पाहुण्यानं कुणाला मिठी मारली आणि कुणाला नुसताच हात दिला असो, हात असे चालायचे की बघत राहावं. पण सव्वासातच्या सुमाराला तोफ म्हणायची, "देशाला उत्तर हवंय!" आणि देशाला ते हवंय हे कळताक्षणी चौघं एकदम सुरू व्हायचे. तोंडं चार आणि हात दोन. मग कोपरेबाई एकच खूण करायच्या, 'सगळे एकदम ओरडतायत', आणि पोटावर हात ठेवून स्वस्थ उभ्या राहायच्या. त्यांच्या धंद्यात हेच सरळ उत्तर होतं.

कानातल्याला ते पटेना.

"बाई, हात हलवा!"

"काय हलवू? चौघं बोलतायत," सदऱ्याला अडकवलेल्या माइकमध्ये कोपरेबाई ओठ न हलवता पुटपुटल्या.

"काहीही हलवा हो! हात थांबले की वर्तुळ मेल्यासारखं दिसतं. तिथे मग सिमेंटची जाहिरात टाका म्हणून वरून सांगतील मला. हातावर हात ठेवून बसायचे पैसे मिळतात का तुम्हाला?"

आता ज्या बाईला आयुष्यभर हातांनीच बोलायची सवय, तिला 'काहीही हलवा' म्हटलं की ती काय करणार? ती बोलणारच. आणि कोणाशी बोलणार? घरच्यांशी.

घरचे म्हणजे बाबा. बाबा जन्मापासून बहिरे. 'कर्णबधिर' वगैरे म्हटलेलं त्यांना चालायचं नाही. "एवढं लांब नाव कशाला? गाडी सुटेल," म्हणायचे. आईही बहिरी होती, ती जाऊन बरीच वर्षं झाली होती. बाबा वर्तमानपत्राच्या छापखान्यात यंत्रावर होते. तिथल्या खडखडाटात ऐकणारी माणसं वैतागून पळायची, बाबा मात्र निवांत. ताजी छापलेली पानं हातात पडायची, त्यामुळे देशाचं उद्याचं भांडण ते आजच वाचून मोकळे. निवृत्त झाल्यावर ते सुख गेलं आणि संध्याकाळची चर्चा आली. कुलपं दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावरची त्यांची खोली, समोर टीव्ही, शेजारी शिंपीकाका. हेही बहिरे, आणि बाबांचे कायमचे विरोधी पक्षनेते. बाबा ज्या बाजूला, त्याच्या बरोब्बर उलट काका. आणि बाबा दर निवडणुकीत हरणाऱ्याच्या बाजूला असल्यामुळे काकांचं आयुष्य विजयात गेलं होतं.

सध्या दोघांचं जुंपलं होतं बटणांवरून. काकांची बटणं शेजारच्या देशातून यायची. त्या देशाशी सरकारचं बिनसलं होतं आणि तिथल्या मालावर आयात शुल्क वाढवायचं घाटत होतं.

"वाढवाच!" बाबा म्हणायचे. त्यांच्या घरात म्हणायचं ते हातांनी. "बटणं इथेच व्हायला हवीत."

"होतील तेव्हा होतील," काका म्हणायचे. "तोवर सदऱ्याला काय तुझे दात लावू?"

तर त्या दिवशी चौघं एकदम सुटले, कानातला "हलवा!" म्हणाला, आणि कोपरेबाईंचे हात आपसूक विचारून बसले, "बाबा, रक्तदाबाची गोळी घेतलीत का?"

कानातला खूश. "वा! आता कसं जिवंत वाटतंय!"

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग तो पायंडाच पडला. सरकारी प्रवक्ता आणि विरोधी प्रवक्त्या एकमेकांचे पूर्वज काढायला लागले की कोपऱ्यात सुरू व्हायचं, "गॅस बंद केलात का? काकांना सांगा, माझ्या सदऱ्याची बाही अजून लांबच आहे. खिडकी लावा, गार हवा लागेल." परराष्ट्र धोरण तापलं की त्या बाबांना पाय शेकायला सांगायच्या. बाबा त्यावर कधी काही बोलले नाहीत, तेव्हा कोपरेबाईंना वाटलं, आवडतंय त्यांना. लेक पडद्यावरून विचारपूस करते, कुणाला आवडणार नाही?

चूक एवढीच, की देशात बहिरा माणूस एकच आहे अशा थाटात त्या बोलत होत्या.

वेगळं राहत असल्या तरी कोपरेबाईंची बाबांकडे सकाळची फेरी असायचीच. एका सकाळी त्या बाबांच्या दारात उभ्या राहिल्या आणि घंटेचं बटण दाबलं. आत दिवा लागला. त्या घरातली घंटा म्हणजे दिवा. बाबांनी दार उघडलं. चेहरा असा, की जणू निकाल लागलाय आणि अनामत गेलीय.

"काय झालं?"

"काल बसच्या थांब्यावर एक माणूस भेटला. ओळख ना पाळख. मला खुणेनं विचारतो, तुम्ही कोपऱ्यातल्या बाईचे बाबा ना? म्हटलं, हो. तर म्हणतो, गोळी घेतलीत का?"

कोपरेबाईंना हसू आलं. ते त्यांनी गिळलं, पण बाबांचे डोळे म्हणजे दुसऱ्यांचे कान. त्यांनी टिपलंच.

"हसतेस? परवा पोस्टात एक बाई. म्हणाली, खिडकी लावत जा. सगळ्या देशाला माझी खिडकी माहीत झालीय!"

"अहो बाबा, प्रेमानं विचारतात."

खुणांच्या भाषेत तू आणि तुम्ही एकाच बोटात असतं. 'अहो' भुवयांनी म्हणायचं. आत्ता त्यांच्या भुवया अगदी काकुळतीला आल्या होत्या.

"ते राहू दे," बाबा म्हणाले. "काल शुल्कावर चर्चा होती. तो निवृत्त राजदूत काय म्हणाला?"

"काही नाही हो. नुसता आरडाओरडा."

"आरडाओरडा शब्दांचाच असतो ना? कुठले शब्द?"

"ऐकण्यासारखं काही नव्हतं त्यात."

"ते मी ठरवीन."

"बाबा, खरंच, निव्वळ मूर्खपणा..."

"मग तो मूर्खपणा माझ्यापर्यंत का नाही पोचला?" बाबांचे हात आता जोरजोरात आपटत होते. "ऐकणाऱ्यांना सगळा मिळतो, अख्खा. माझ्या वाट्याला फक्त निवडून, पाखडून? लहानपणी ताटावर सगळे हसायचे. मी माझ्या आईला, तुझ्या आजीला, विचारायचो, काय झालं? ती म्हणायची, काही नाही, नंतर सांगते. आयुष्यभर म्हणाली. मग ती गेली. ते नंतर अजून आलेलं नाही. आणि आता तू! छापखान्यात मी सगळा कचरा वाचायचो, ओळ न् ओळ. कोण म्हणालं मला, की हे पान तुझ्यासाठी नाही?"

कोपरेबाईंनी हात उचलले. तेवढ्यात बाबांनी डोळे मिटले.

ऐकणाऱ्याशी भांडण झालं तर माणूस बडबडत तरी राहतो, दाराआडून का होईना, पोचतं काहीतरी. बहिऱ्यानं डोळे मिटले की संपलं. कोपरेबाई पाच मिनिटं त्या मिटलेल्या डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या. लहानपणी दंगा केला की बाबा असेच मिटायचे, आणि मग लेक त्यांच्या पापण्या बोटांनी उघडायची. आता वय गेलं होतं ते.

इकडे वाहिनीत वेगळीच धमाल. कुणीतरी त्या गोळीच्या खुणांखाली अक्षरं टाकून चर्चेचे तुकडे मोबाइलवर फिरवले होते. वर राजदूत तावातावानं 'सीमेवर' म्हणतोय, खाली कोपरेबाई 'पाय शेका' म्हणतायत. लाखांनी लोक बघत होते. कोपरेबाईंना वाटलं, गेली नोकरी. पण वरच्या मजल्यावरच्या साहेबांनी चहा मागवला. चहा मागवला म्हणजे माणूस घाबरलेला असतो किंवा त्याला नफा दिसलेला असतो.

"कमाल केलीत, बाई! वर्तुळ मोठं करतोय आम्ही. बशीचं ताट! रोज गोंधळ सुरू झाला की तुम्ही गोळी विचारायची. एका औषधवाल्यानं प्रायोजक व्हायची तयारीसुद्धा दाखवलीय."

"पण सर, ते भाषांतर नव्हे."

"त्या चौघांचं कुठे भाषण असतं?"

जिन्यात सरकारी प्रवक्त्यानं गाठलं. "बाई, विनंती आहे. मी बोलत असताना गोळी नको. त्यांच्या वेळी विचारा ना." दोन पायऱ्या खाली विरोधी प्रवक्त्या उभ्या होत्या, त्यांनीही अगदी हेच सांगितलं. देशात पहिल्यांदाच एखाद्या विषयावर सर्वपक्षीय एकमत झालं होतं.

आठवडाभर सकाळी दिवा लागायचा, दार उघडायचं आणि डोळे मिटायचे. शेवटी शिंपीकाकांनीच जिन्यात अडवून सांगितलं, "सात वाजता टीव्ही लावतो. समोर बसतो. आणि तासभर डोळे मिटून घेतो."

"मग लावतात कशाला?"

"सभात्याग करायचा तर आधी सभेत हजर नको का राहायला?" काका म्हणाले. "मलाही चैन पडत नाही गं. भांडू कोणाशी?"

त्या संध्याकाळी शुल्क खरंच वाढल्याची बातमी आली. वर्तुळ ताटाएवढं झालं होतं. तोफ म्हणाली, "देशाला उत्तर हवंय!" आणि चौघं फुटले. कानातला किंचाळला, "गोळी! बाई, गोळी विचारा!"

कोपरेबाईंनी श्वास घेतला आणि पाय थोडे फाकवले.

डाव्या खांद्याशी त्यांनी सरकारी प्रवक्त्याला बसवलं, उजव्या खांद्याशी विरोधी बाईंना, नाकासमोर अर्थतज्ज्ञाला, आणि राजदूताला उंचावर, कारण तो स्वतःला तिथेच समजायचा. आणि मग त्या चौघं झाल्या. डावीकडे वळल्या, 'साठ वर्षं तुम्ही काय केलंत?' उजवीकडे, 'आकडे खोटे आहेत!' समोर, 'टक्केवारी बघा, टक्केवारी.' डावीकडे, 'मला बोलू द्या.' उजवीकडे, 'मला बोलू द्या.' पुन्हा डावीकडे, 'मी तुम्हाला बोलू दिलं, आता मला बोलू द्या.' राजदूत सगळ्यांच्या वरून हळूच पुटपुटला, 'मला इथे कशाला बोलावलंय?' तेही सांगितलं. अर्थतज्ज्ञाला ठसका लागला, तोही खोकून दाखवला. तोफ धडाडली, 'शांतता! शांतता!' तिच्यासाठी जागा उरली नव्हती, म्हणून ती डोक्यावर ठेवली. घाम डोळ्यांत उतरला. बाही लांब होती, ती मधेच सुटली. एक शब्द पाखडला नाही.

"हे काय चाललंय? गोळी! गोळी म्हटलं ना!"

कोपरेबाईंनी कानाकडे बोट केलं आणि तेही देशाला सांगितलं, 'माझ्या कानात एक माणूस ओरडतोय, की गोळी विचारा.'

 

सकाळी त्यांनी घंटेचं बटण दाबलं. दिवा लागला. दार उघडलं. बाबांचे डोळे उघडे होते, जरा लाल.

"तो शिंपी," बाबा म्हणाले, "जमिनीवर पाय आपटतोय, मी बघत नाही. खुर्ची हलवतोय, मी बघत नाही. शेवटी गधड्यानं माझ्या पापण्या बोटांनी उघडल्या."

कोपरेबाई दारातच उभ्या राहिल्या. मग हातातली पिशवी खाली ठेवली.

"मग बघितलंत?"

"शेवटपर्यंत." बाबा आत जाऊन बसले. मग म्हणाले, "एवढंच असतं?"

"एवढंच."

"रोज?"

"रोज."

"आणि मला वाटायचं, ऐकणाऱ्यांना काहीतरी जास्त मिळतं." बाबा हसायला लागले. खांदे गदगदले, खुर्ची करकरली, जी फक्त कोपरेबाईंना ऐकू आली. "बटणांचं कुणी काढलं का?"

"कुणीच नाही."

"शिंप्याला सांगू नकोस. सरकारनं त्याची बाजू घेतली नाही म्हणून आधीच हवालदिल आहे. पहिल्यांदाच हरलाय बिचारा." मग एकदम गंभीर होऊन, "पण ती विरोधी बाई 'आकडे खोटे' म्हणाली, तेव्हा तुझी डावी भुवई वर गेली होती. ते तिचं होतं की तुझं?"

"...माझं."

"भुवया आवर. मत माझं मी बनवीन."

"बरं. पण वर्तुळ आजपासून पुन्हा बशीएवढं होणार. औषधवाला पळाला."

"बशी तर बशी. मला चष्मा आहे."

कोपरेबाईंनी पिशवी उचलली. दारापर्यंत गेल्या आणि राहवेना, वळल्या. "बाबा, एक विचारू? गोळी घेतलीत का?"

बाबांनी आरामात पाय लांब केले, वर्तमानपत्र उघडलं, आणि पानाआडून एक हात बाहेर काढला.

"नंतर सांगतो."