आबांचं उकळतं पाणी

आबांच्या हातचं मटण खाऊन कुणी दात कोरत बसलंय असं मी कधी पाहिलं नाही. म्हातारी मेंढी असो, नाहीतर उन्हाळ्यानं हाडं वर आलेलं बोकड असो, त्यांच्या पातेल्यात ते मऊ पडायचंच. त्याचं गुपित आमच्या साताऱ्याच्या घरामागे उघड्यावर उभं होतं, पपईचं झाड. कच्ची पपई सालीसकट वाटायची, मटणाला चोळायची आणि थांबायचं. थोडं कमी थांबलं तर मटण चिवट राहतं, जास्त थांबलं तर त्याचं पीठ होतं.

"पपईला थांबायचं कळत न्हाई," आबा सांगायचे. "उकळी आली की तिचा जोर मरतो. तवर आपुन ध्यान ठेवायचं."

आबा म्हणजे माझे वडील. घराणं दुष्काळी माण तालुक्यातलं, मेंढरांमागे फिरणारं. ते मात्र पलटणीत आचारी म्हणून भरती झाले आणि पेन्शनीत निघाल्यावर साताऱ्यात राहिले. जावळं, जत्रा, माजी सैनिकांची जेवणं, सगळीकडे त्यांना बोलावणं असायचं. रश्श्याचा एक थेंब डाव्या तळहातावर घ्यायचा, जिभेला लावायचा, डोळे मिटायचे आणि मिठाचा निकाल द्यायचा, ही त्यांची पद्धत. त्या निकालावर अपील नव्हतं. एकदा आईनं न विचारता चव घेऊन "मीठ कमी हाय" म्हटलं, तर आबा तिच्याशी आठवडाभर धड बोलले नाहीत. मीठ खरंच कमी होतं, हे त्याहून वाईट.

मी तेव्हा मिरजेला एका मेडिकल कॉलेजच्या प्रयोगशाळेत टेक्निशियन होते. नव्वदच्या दशकातली मधली वर्षं ती. रोग्याच्या शरीरातून काढलेला तुकडा मेणात बसवायचा, त्याचे पातळ काप काढायचे, काचेवर घेऊन रंगवायचे, हे माझं काम. आमचे डॉक्टर त्या काळात जठराच्या कॅन्सरचा अभ्यास करत होते. शरीरातल्या पेशींभोवती प्रथिनांचं जाळं असतं, ते त्यांना जागच्या जागी धरून ठेवतं. काही गाठी हे जाळं तोडणारं एन्झाइम, म्हणजे एक प्रकारचा पाचक रस, स्वतःच तयार करतात. ज्या गाठीत हा रस जास्त, ती गाठ लवकर पसरते का, त्या रोग्याचं आयुष्य कमी असतं का, हे डॉक्टर जुन्या काचा काढून पडताळत होते. रस असेल तिथे आमचा रंग तपकिरी उठायचा. तो स्वच्छ, ठसठशीत उठला की मी खूश. काचेवर नाव नसायचं, नुसता नंबर असायचा, आणि नंबराला बायकापोरं नसतात.

मग आबांना मटणाचा वास नकोसा झाला. चूल पेटली की ते उठून अंगणात जायचे. आईला वाटलं दृष्ट लागली. शेजारच्यांनी ओवा सांगितला, सोडा सांगितला, कुणी लिंबाचा पाला सांगितला. फुकटचे वैद्य आपल्याकडे गल्लीला चार. मी सुट्टीवर आले तेव्हा आबांचा सदरा खांद्यावरून खाली घसरत होता. त्याच दिवशी त्यांना एसटीत घालून मी मिरजेला आणलं. दुर्बिणीनं तपासलं तर जठरात गाठ. ऑपरेशन झालं, जठराचा मोठा भाग काढला आणि तो तुकडा आमच्याच प्रयोगशाळेत आला.

"हा तू करू नकोस, दुसऱ्या कुणाला देतो," डॉक्टर म्हणाले.

"माझ्या बापाचं मी करते," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. त्यांनी तुकड्याची डबी माझ्यापुढे सरकवली.

मी काप काढले, रंगवले, काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. गाठीची कड, जिथून ती चांगल्या भागात घुसत होती, ती सगळी तपकिरी होती. इतका छान उठलेला रंग मी त्या वर्षात पाहिला नव्हता. डॉक्टरांनी पाहिलं, काच इकडेतिकडे सरकवत बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "हे बघ, असा रंग असलेल्या पुष्कळ लोकांचं मिळून काहीतरी सांगता येतं. एका माणसाचं एका काचेवरून काही ठरत नाही."

त्यांचं बोलणं खरं होतं, आणि मला ते खरं काही कामाचं नव्हतं. मला त्यांचा राग आला, काचेचा आला, मला स्वतःलाच इतकं कळतं याचाही आला. बाकीच्या रोग्यांच्या पोरी देवाला नवस तरी बोलत होत्या. मला तेही जमेना.

डॉक्टर वॉर्डात आबांना भेटायला आले. आबांनी पूर्वी कधीतरी प्रयोगशाळेत पाठवलेला मटणाचा डबा त्यांनी खाल्ला होता, त्यामुळे ओळख होतीच. आबांनी विचारलं, "साहेब, माझ्या पोटात नेमकं काय चाललंवतं? कुणी नीट सांगतच न्हाई."

डॉक्टर स्टूल ओढून बसले. "तुम्ही मटणाला कच्ची पपई लावता ना? पपईतला रस मांस सैल करतो. तसाच एक रस या गाठीत तयार होतो. आजूबाजूचं सैल करत ती पुढे वाट काढते. आम्ही गाठ काढलीय, पण थोडी कुठे राहिली असेल तर ती परत वाढू शकते."

आबा उशीला टेकून उठून बसले. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच त्यांचा चेहरा जागा झालेला दिसला. "म्हंजे पपई! मग ह्याला उकळी कशी आणायची?"

"तसं औषध अजून आपल्याकडे नाही. शोध चाललाय."

आबांनी पहिलं वाक्य ऐकलंच नाही, असं मला आजही वाटतं.

साताऱ्याला परतल्यावर त्यांनी पलटणीतला जुना थर्मास काढला आणि उकळतं पाणी प्यायला सुरुवात केली. कोमट नव्हे, चांगलं उकळतं. ओठांना लावायचे, डोळ्यांतून पाणी यायचं, आणि घोट खाली जायचा. मी दर सुट्टीला येऊन समजावायची. पाणी गाठीच्या रसापर्यंत उकळतं पोचत नाही, वाटेतच निवतं, आणि तोंड तेवढं भाजतं, हे मी चित्र काढून दाखवलं. डॉक्टरांनी फोनवरून सांगितलं. आबांनी त्यांनाही "व्हय साहेब, व्हय साहेब" केलं आणि रिसीव्हर ठेवून स्टोव्हला पंप मारला.

एकदा मी थर्मास लपवला. तेव्हा ते चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं.

"तुझ्याकडं दुसरं काय हाय का?" त्यांनी शांतपणे विचारलं. "असंल तर दे. मी हे आत्ता सोडतो."

माझ्याकडे काय होतं? एक तपकिरी कड. मी थर्मास आणून त्यांच्यापुढे ठेवला आणि मागच्या दारी जाऊन रडले. आई तिथे भांडी घासत होती. ती राखेनं माखलेले हात तसेच धरून म्हणाली, "असू दे गं. त्येंना काय तरी करू दे." ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. आम्हा तिघांचंही जळत होतं, आणि कळून कुणाला काही करता येत नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात माणातल्या आमच्या गावची जत्रा आली. दरवर्षी भावकीचं मटण आबाच करायचे. त्यांना परत उलट्या सुरू झाल्या होत्या, तरी ते हटून बसले. पातेल्याजवळ बाज टाकली, शेजारी थर्मास. चुलत भाऊ पळी हलवत होते, आबा बाजेवरून हुकूम सोडत होते. पपई किती, कवा लावायची, जाळ कवा वाढवायचा. त्यांचा आवाज पहिल्यासारखा लागला आणि मला वेड्यासारखी आशा वाटली.

रस्सा उकळला. आबांनी थेंब तळहातावर घेतला, जिभेला लावला, डोळे मिटले. मग दुसरा थेंब घेतला. मग मूठभर मीठ टाकायला सांगितलं. परत थेंब, परत मीठ. शेवटी त्यांनी मला जवळ बोलावलं आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाले, "मीठ बघ गं जरा."

माझ्या जन्मात त्यांनी हे कुणाला विचारलेलं मी ऐकलं नव्हतं. मी थेंब चाखला. घसा खवखवला इतका खारट.

"बरोबर हाय आबा."

पंगती बसल्या. मिठाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. "आबा, हात अजून तसाच हाय बघा," म्हणत सगळे जेवले. मटण लोण्यासारखं मऊ होतं, तेवढं खोटं नव्हतं. पण पाणी वाढणारी पोरं सारखी पळत होती. आमच्या भागात उन्हाळ्यात पाहुण्यालाही पाणी जपून देतात, आणि इथे टाकीत परत परत तांबे बुडत होते. आबा बाजेवर बसून ते बघत राहिले. जेवणारा माणूस किती वेळा पाण्याला हात घालतो, यावरून जेवण ओळखायला त्यांनीच मला शिकवलं होतं.

"लय खारट झालंय," ते म्हणाले.

"ऊन लय हाय आबा, म्हणून पाणी..."

"खोटं बोलू नगं. तोंड पार भाजून गेलंय माझं, मला काय कळंना." मग त्यांनी विचारलं, "तुझ्या त्या काचेवर बी त्यो रस लय होता का गं?"

त्यांचा तुकडा मीच रंगवला हे त्यांना ठाऊक होतं, पण इतके महिने त्यांनी हे विचारलं नव्हतं. मिठाचं खोटं मी बोलू शकले, हे बोलता आलं नाही. मी होकारार्थी मान हलवली.

आबांनी थर्मास उचलला, बूच काढलं आणि सगळं पाणी बाजेखालच्या मातीत ओतलं. "मग कशाला प्यायचं? निदान जीभ तरी माघारी यील."

जीभ आली. दोन-तीन आठवड्यांत त्यांना चहातली साखर कळायला लागली. पण तोवर अन्न आत ठरेनासं झालं होतं. मी रजा काढून साताऱ्याला राहिले. आई रोज दुपारी आमच्यासाठी केलेल्या कालवणाचा एक थेंब त्यांच्या तळहातावर ठेवायची. ते हात कष्टानं तोंडाशी न्यायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "मीठ कमी हाय."

कमीच असायचं. त्यांना सांगायला काहीतरी उरावं म्हणून आई ते मुद्दाम कमी घालायची.