वाटीएवढं पोट

माझं जठर कापलं तेव्हा मी चव्वेचाळीस वर्षांची होते. बाहत्तरचा दुष्काळ पडला त्याच्या दोनेक वर्षं आधीची ही गोष्ट. भोरमध्ये आमची भात सडायची गिरणी होती. सुगी संपली की उत्रोलीपासून पार वेल्ह्यापर्यंतच्या गाड्या दारात उभ्या राहायच्या. हे यंत्रापाशी असायचे आणि मी वजनकाट्यापाशी.

मी अंगानं दांडगी होते. लग्न झालं तेव्हा बारीक होते, पण चार बाळंतपणांत वाढले ती वाढतच गेले. त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. उलट सासूबाई होत्या तोवर चारचौघींत सांगायच्या, "आमच्या सुनेकडं बघा, म्हणजे घरात काय शिजतं ते कळेल." बैलगाडीत मात्र मला नेहमी पुढे बसवायचे. मागे बसले की गाडी उलाळ व्हायची आणि बैलांच्या मानेवरचं जू वर उचललं जायचं.

खाण्याची मला आवड होती. गिरणीतनं आलेला नवा तांदूळ, त्याचा वाफेचा भात, वर तूप आणि मीठ, एवढ्यावर मी दोनदा वाढून घ्यायची. पोटात जळजळायला लागलं तेव्हा सोडा पाण्यात घालून पिऊ लागले. सोडा प्याले की बरं वाटायचं, आणि बरं वाटलं की जेवायची. असं काही वर्षं चाललं.

मग ऐन सुगीत गिरणीतच मला उलटी झाली. काळपट, चहाच्या चोथ्यासारखी. दुसरी झाली ती लालभडक. पोती उतरवून निघालेला एक ट्रक दारात होता, त्यातच मला घालून यांनी पुणं गाठलं. पुढचं मला फारसं आठवत नाही. शुद्धीवर आले तेव्हा नाकात नळी होती आणि बेंबीच्या वर छातीपर्यंत पट्टी होती.

चार दिवसांनी डॉक्टर खाटेपाशी येऊन बसले. "बाई, पोटात मोठा अल्सर होता. त्यातनं रक्त येत होतं. तेवढा भाग काढून टाकलाय. आता जे उरलंय ते एवढंच." त्यांनी शेजारच्या स्टुलावरची वाटी उचलून दाखवली. "दिवसातनं पाच-सहा वेळा थोडं थोडं खायचं. जेवताना पाणी प्यायचं नाही. गोडाला जपायचं. वजन उतरेल, घाबरू नका."

"किती उतरेल?" यांनी विचारलं.

"उतरू द्या की. तुमच्या मंडळींकडे शिल्लक भरपूर आहे."

हे हसले. मीही हसले, आणि टाके ओढले गेले म्हणून लगेच कळवळले.

घरी आले ती संक्रांतीच्या तोंडावर. डॉक्टरांचं बोलणं ध्यानात होतं, पण गूळपोळीचा वास घरभर सुटला होता. अर्धी पोळी तुपाबरोबर खाल्ली. चांगली लागली. पाटावरनं उठले आणि छाती धडधडायला लागली. दरदरून घाम फुटला, पोटात गुडगुडायला लागलं आणि डोळ्यांपुढं अंधारी आली. मी तिथंच फरशीवर आडवी झाले. थोरली लेक पदरानं वारा घालत रडायला लागली. हे धावत जाऊन गावातल्या डॉक्टरांना घेऊन आले. ते म्हणाले, "घाबरायचं कारण नाही. पूर्वी पोटात थांबायचं ते आता थेट आतड्यात उतरतं. गोड असलं की जास्त. अर्धा तास पडून राहिलं की जाईल." आणि गेलंही. पण तेव्हापासून मला गोडाची भीतीच बसली.

हळूहळू माझं मला कळत गेलं. मऊ भात वाटीभर चालायचा, भाकरीचा मधला भाग दुधात भिजवून चालायचा, ताक चालायचं. घाईनं खाल्लं की घास घशाखाली अडकून बसायचा. खाल्ल्यावर थोडं पडायचं. भूक अशी लागायचीच नाही. इच्छा मात्र व्हायची. सगळ्यांना वाढून मी आपली वाटी घेऊन बसायची आणि वाटी संपली तरी उठायची नाही. एक दिवस थोरली म्हणाली, "आई, तू आमच्या तोंडाकडं बघत बसू नकोस. घास गिळत नाही." मी उठून गिरणीत गेले. राग आला नव्हता. बघत बसते हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

शिमग्यापर्यंत मी निम्मी झाले. चोळ्या दोनदा आत घेतल्या, मग नव्याच शिवल्या. बांगड्या हात खाली केला की गळून पडायच्या. त्याला घरातल्या बायका अपशकुन म्हणायच्या, म्हणून कासाराकडं गेले. त्यानं हात हातात घेतला, वर बघितलं, परत हाताकडं बघितलं. "वहिनी, ह्ये माप तर तुमच्या लेकीचं हाय," म्हणाला. पाटावर बसलं की हाडं टोचायची, म्हणून खाली गोधडीची घडी घ्यायला लागले. आयुष्यात पहिल्यांदा थंडी वाजली. आणि अंग उतरलं तरी कातडं काही उतरलं नाही. दंडाखाली, पोटावर ते लोंबायचं. मी अंघोळ करताना खाली बघायचं सोडून दिलं.

काही गोष्टी सोप्याही झाल्या. जमिनीवरनं हात न टेकता उठता यायला लागलं. माळ्यावर शिडीनं चढायचं मी कधीच सोडलं होतं, ती एक दिवस सरसर चढले आणि वर जाऊन काय आणायचं तेच विसरले. यांना मात्र माझी ही नवी अंगलट सवयीची होईना. बाजारात एकदा ते माझ्या शेजारून पुढं निघून गेले. हाक मारली तेव्हा थांबले. म्हणाले, "पाठमोरी ओळखलीच नाही." मग थोड्या वेळानं, "तू घरात असलीस की घर भरल्यासारखं वाटायचं." आम्ही भाजी घेतली आणि घरी आलो.

गावात मात्र भलतंच सुरू झालं होतं. रोज आमच्याकडे चहाला येणारी शेजारीण "आत्ताच घेतला" म्हणायला लागली. गिरणीत बायका माझ्याशी बोलताना पदर तोंडावर धरायच्या. मला क्षय झालाय, पुण्याला त्यासाठीच ठेवलं होतं, ऑपरेशनचं आम्ही उगाच सांगतो, असं बोललं जात होतं. मला त्याचं फार वाटलं नसतं, पण थोरलीचं लग्न ठरत आलं होतं.

स्थळ गुंजवण्याचं होतं, राजगडाच्या पायथ्याचं. मुलगा पुण्यात कारखान्यात लागला होता. वडील नव्हते, आईच शेती बघायची. दिवाळीआधी ती भात घेऊन गिरणीत आली होती, तिथंच तिनं मुलीला बघितलं आणि मलाही. ते सगळं माझ्या आजारपणाच्या आधी. आता चैत्रात तिचा निरोप आला, एकदा घर बघून जा.

हे म्हणाले, "जाऊ या. पण ऑपरेशनचा विषय काढू नकोस. चार घास जेव, हसून बोल. तुझ्याकडं बघायलाच बोलावलंय."

"जेवू कशी?"

"एक दिवस काढ कसा तरी."

मार्गासनीला एसटीतनं उतरलो तेव्हा गाडी घेऊन त्यांचा गडी उभा होता. मी मागे बसले, पुढे सरका असं कुणी म्हटलं नाही. ऊन चढत होतं. समोर राजगड दिसत होता आणि खाली कापून गेलेली भातखाचरं कोरडी पडली होती.

घर साधं, सारवलेलं, स्वच्छ होतं. मुलाची आई दारात आली. माझ्याएवढ्याच वयाची, उंच, हात कामानं राठ झालेले. तिनं मला बघितलं आणि तिचा चेहरा एकदम उतरला. ते तिला लपवता आलं नाही. "या," एवढंच म्हणाली.

जेवायला पुरणपोळी, कटाची आमटी, भात, भजी. पंगतीत बायका नंतर बसल्या, तशी मीही बसले. तिनं माझ्या ताटात सबंध पोळी वाढली, वर तुपाची धार. "लई हौसेनं केलंय, लाजायचं न्हाई." मी घास घास करून खाल्ली. तिनं दुसरी आणली. मी हात आडवा केला. "आवं, एवढ्यात? आमच्या हातचं ग्वाड लागलं न्हाई व्हय?" आजूबाजूच्या बायका बघत होत्या. मी हात काढून घेतला. दुसरी अर्धी खाल्ली, वर भात खाल्ला.

ताटावरनं उठले तेव्हाच कळलं. कसंबसं मागच्या पडवीत गेले. छाती लोहाराच्या भात्यासारखी चालली होती, चोळी घामानं भिजली. कोपऱ्यात पोत्यावर आडवी झाले आणि डोळे मिटून घेतले. ती मागोमाग आली. बाकीच्यांना तिनं बाहेर थांबवलं आणि दार ओढून घेतलं.

"ताई," ती उभ्यानंच म्हणाली, "म्या सरळ इचारती. छातीचं दुखणं हाय का तुमाला?"

"नाही."

"खरं सांगा. माझा मालक त्याच दुखण्यानं गेला. असाच वाळत गेला, असाच घाम यायचा. म्या बघितलंय सगळं. माझ्या पोराच्या घरात ते पुन्यांदा नगं."

मला बोलायला धाप लागत होती. मी उठून बसले, पदर बाजूला केला आणि चोळीची गाठ सोडून नऊवारीची कास थोडी खाली सारली. छातीपासून बेंबीपर्यंतचा व्रण अजून तांबडा होता. त्याच्या दोन्ही बाजूंना ते लोंबतं कातडं. नवऱ्यालाही मी ते नीट दाखवलं नव्हतं. ती खाली बसली. वाकून बघितलं, मग एक बोट व्रणावर हलकेच ठेवलं.

"ह्ये कापलं कशापायी?"

मी सगळं सांगितलं. अल्सर, रक्त, डॉक्टरांची वाटी, गूळपोळी. सांगता सांगता रडू आलं, ते दुखण्याचं होतं की लाजेचं कोण जाणे.

"मंग आधी सांगायचं व्हतं की, बाई! म्या तुमच्या ताटात डोंगर वाढला आन् तुमी खात बसला?"

"हे म्हणाले, विषय काढू नको."

"बाप्यांचं काय ऐकायचं अशा वक्ताला," ती म्हणाली. मग उठून आत गेली आणि थोड्या वेळानं नाचणीची पातळ आंबील वाटीतनं घेऊन आली. "ही निवली की प्या. नगं वाटलं तर राहू द्या."

बाहेर पुरुष मंडळींत तिचा भाऊ यांना आडून आडून विचारत होता की पुण्याला नेमकं कशासाठी ठेवलं होतं. ती ओसरीवर गेली. मी दारामागनं ऐकत होते. "पोटाचं आप्रेशन झालंय त्यांचं. छातीचं न्हाई. म्या डोळ्यांनी बघितलंय," म्हणाली. भाऊ म्हणाला, "तुला काय कळतंय त्यातलं?" "मालकाचं दुखणं म्या चौदा म्हैने निस्तरलंय, मलाच कळतंय," ती म्हणाली. परतीच्या वाटेवर हे म्हणाले, "चुकलंच माझं. आधीच सांगायला पाहिजे होतं."

लग्न वैशाखात भोरमध्येच झालं. विहीणबाईंनी पंगतीत सगळ्या बायकांना बजावलं, "आमच्या विहिणीला कुणी आग्रह करायचा न्हाई. त्या आपल्या वाटीनं जेवत्यात." त्यावरनं बायका हसल्या, दोघी-चौघींनी पोट कसं कापतात ते विचारलं, आणि क्षयाची गोष्ट तिथंच संपली. शेजारीण पुढच्या आठवड्यात चहाला आली. मी चहा दिला.

पुढची वर्षं सोपी गेली असं नाही. दुष्काळात रेशनवर मिलो, म्हणजे परदेशातनं आलेली लाल ज्वारी, यायची, तिची भाकरी माझ्या पोटात दगडासारखी बसायची. विहीणबाई नाचणी पाठवायच्या म्हणून निभावलं. तिसऱ्या-चौथ्या वर्षी मला इतका थकवा यायला लागला की काट्यापाशी उभं राहवेना. पायांना मुंग्या यायच्या, जीभ सोललेल्यासारखी व्हायची. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, पोट कापलं की रक्त कमी पडतं, इंजेक्शनं कायमची घ्यावी लागतील. लाल रंगाचं इंजेक्शन असतं ते. महिन्यातनं एकदा भोरच्या दवाखान्यात जाऊन घेऊन येते. त्यानं फरक पडला. वजन पुढं थोडं वाढलं आणि एका जागी थांबलं. बघणाऱ्याला मी आता बारीक बाई वाटते, एवढंच. नवीन ओळखीच्यांना तर मी पूर्वी कशी होते हे सांगून पटतही नाही.

लेकीच्या पहिल्या मुलाचं बारसं झालं त्या वर्षी नवरात्रात मी गुंजवण्याला राहायला गेले. विहीणबाई म्हणाल्या, "चला, पद्मावतीला जाऊन येऊ." गड मी लहानपणापासून लांबूनच बघत आलेली. चढायचा विचार कधी केलाच नव्हता. पहाटे निघालो. त्या पुढं, मी मागं. थोडं चढायचं, बसायचं, पदरातला भाकरतुकडा खायचा, जरा टेकायचं, परत चढायचं. चोरदरवाज्याच्या खालच्या कातळावर मला पाय ठेवायला खोबण सापडेना. विहीणबाईंनी वरनं हात दिला आणि मला ओढून घेतलं. वर पोचलो तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. देवीला ओटी भरली, तळ्याच्या काठी बसलो. खाली भात पोटरीला आला होता, सगळी खाचरं हिरवीगार.

विहीणबाई पाय चोळत म्हणाल्या, "माझं गुडघं बोलाय लागलं. तुमचं?"

"माझं काही नाही."

"काय न्हाई कसं? खोटं बोलताय."

खरंच दुखत नव्हते. उतरताना त्यांनीच माझ्या खांद्याचा आधार घेतला. दुपारी घरी पोचलो, लेकीनं दोघींना गरम पाणी दिलं, आणि दिवे लागायच्या आत मी मार्गासनीहून भोरची गाडी पकडली.