बऱ्या झाल्याबद्दल अभिनंदन

अर्जमास्तरांचं खरं नाव कचेरीत कुणालाच ठाऊक नव्हतं आणि त्यावाचून कुणाचं अडलंही नाही. अडतीस वर्षं ते सरकारी कचेरीच्या दाराशी घडीचं टेबल टाकून बसले आणि लोकांचे अर्ज लिहीत राहिले. त्यांचा नियम एकच. रकाना रिकामा सोडायचा नाही. रिकामा रकाना म्हणजे कारकुनाला अर्ज परत करायला निमित्त, नाहीतर मागाहून कुणाला काही घुसडायची सोय. सांगण्यासारखं काही नसेल तिथे ते ठसठशीत अक्षरात ‘निरंक’ लिहीत, म्हणजे काही नाही. त्यांनी लिहिलेला अर्ज अपुरा म्हणून कधी परत आला नाही.

मग सगळा कारभार ऑनलाइन गेला. खिडक्यांना आतून प्लायवूड ठोकलं आणि बाहेर फलक लावला, ‘आता कचेरी तुमच्या हातात’. मास्तर म्हणाले, “आमच्या हातात दिली आणि यांनी आपले हात झटकले.” तरीही पासष्टाव्या वर्षी ते नवा फोन घेऊन मुकाट्याने शिकले. शिकावंच लागलं, कारण घरी ताई होती.

ताई त्यांची थोरली बहीण. आई गेल्यावर तिने स्वतःची शाळा सोडली आणि यांना शिकवलं. ते सुंदर अक्षरही तिनेच हात धरून वळवलं होतं. आता ती चौऱ्याहत्तर वर्षांची, मधुमेहाने पोखरलेली, डाव्या पावलावर न भरणारी जखम. तिसऱ्या मजल्यावरून तिला उतरवणं म्हणजे दिव्य. म्हणून सरकारी आरोग्य केंद्राची नर्स दिवसाआड घरी येऊन पट्टी बदलायची. त्या सेवेची मुदत दर वर्षी वाढवून घ्यावी लागे, आणि यंदा ते फोनवरून करायचं होतं.

मास्तर स्वयंपाकघरात चष्मा पुसून बसले. मधुमेह किती वर्षांचा, जखम कुठे, किती दिवसांची, किती खोल, सगळं नीट भरलं. शेवटचा रकाना होता ‘अन्य आजार’. दुसरा आजार काही नव्हता. अडतीस वर्षांची सवय. त्यांनी लिहिलं, ‘निरंक’.

तिसऱ्या दिवशी निरोप आला. ‘आपला आजार निरंक असल्याची नोंद झाली आहे. आपण बऱ्या झाल्याबद्दल अभिनंदन. घरपोच सेवा बंद करण्यात येत आहे.’

“घ्या,” ताई म्हणाली, “मी बरी झाले आणि मलाच पत्ता नाही.” ती हसली. मास्तरांना हसू आलं नाही.

वरचे अकरा रकाने काय झोपेत भरले होते? पण यंत्राने शेवटचा शब्द तेवढा उचलला आणि माणूस बरा करून टाकला. दुरुस्ती करायला गेले तर तिथे लिहिलेलं, ‘घरी येणाऱ्या नर्सचा अहवाल जोडा’. मास्तर आरोग्य केंद्रात नर्सला भेटले. ती बिचारी खाली बघत म्हणाली, “काका, ताईंचं नाव माझ्या यादीत नाही. यादीबाहेरच्या घरी गेले तर या सरकारी फोनवरून वरच्यांना दिसतं. मागच्या महिन्यात आमच्यातल्या एकीला नोटीस आलीय.” तिने पट्ट्यांचं पाकीट त्यांच्या पिशवीत घातलं आणि जखम कशी पुसायची ते समजावलं. म्हणजे अहवालाशिवाय नर्स नाही आणि नर्सशिवाय अहवाल नाही. ज्या कुणी शहाण्याने हे रचलं, त्याच्या घरात कुणी कधी आजारीच पडलं नसावं.

मास्तर कचेरीत गेले. आत उरलेले एकुलते एक साहेब संगणकासमोर बसले होते.

“साहेब, माझी बहीण बरी झालेली नाही. दहा मिनिटांवर घर आहे. चला, पाय बघा.”

“मी बघून काय उपयोग? इथे दिसतं ते खरं.” साहेबांनी पडदा फिरवला. त्यावर हिरवी खूण होती. “आणि लिहिलंय तुम्हीच.”

“मग हा कागदी अर्ज घ्या. पोच द्या.”

“आवक वही बंद झाली. शिक्केही जमा केले.” त्यांनी अर्ज दोन बोटांनी परत सरकवला.

जुना कारकून काही देवमाणूस नव्हता. चहाला जायचा, उद्या या म्हणायचा, चार खेटे घालायला लावायचा. पण “अहो, वाचा तरी” असं त्याच्या तोंडावर ओरडता यायचं, आणि ओरडलं की तो वाचायचा. हेल्पलाइनवर मास्तर रोज ओरडत होते. पलीकडून एक दाबा, दोन दाबा, आणि मग गाणं.

अठरा दिवस त्यांनी स्वतः पट्टी बदलली. एकोणिसाव्या दिवशी खोलीत वास आला. शेजारच्या चौघांनी ताईला खुर्चीतून खाली नेलं. इस्पितळातला डॉक्टर म्हणाला, “आठ दिवस आधी आणलं असतं तर पाय वाचला असता.” पाऊल घोट्याच्या वरून कापलं.

पाय कापल्याची नोंद मात्र इस्पितळानेच परस्पर केली. ताई घरी आली त्याच दिवशी फोन वाजला. घरपोच सेवा मंजूर. कुणी अर्ज केला नव्हता, कुणी अहवाल मागितला नव्हता. पाय होता तोवर त्याला नर्स नव्हती, पाय गेला आणि नर्स दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला हजर.

ती गेल्यावर मास्तर पलंगाच्या कडेला बसले. “ताई, ते मी लिहिलं. माझ्या हाताने.” त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले.

“तूच लिहिणार. दुसरं कोण आहे मला?” ताईने उशीला टेकून त्यांच्याकडे पाहिलं. “इतक्या दिवसांत त्यांच्यातला एक तरी जिना चढून पाय बघायला आला?”

मास्तरांनी नकारार्थी मान हलवली.

“मग रडू नकोस. जा आणि भांड.”

मास्तर उठले आणि चपला घालून जिना उतरू लागले.