सिस्टरांना सांगायचं नाही!

वाचनालयात पुस्तकांपेक्षा किस्सेच जास्त जमतात. पुस्तकं लोक निदान घरी नेतात, किस्से मात्र माझ्या काउंटरवर टाकून जातात! गारखेड्यातल्या आमच्या वाचनालयात गेल्या दिवाळीपासून नुसते डिटेक्टिव्ह जयवंतचे किस्से साचलेत.

हा जयवंत दहा भागांच्या मालिकेचा हिरो. पहिल्या भागापासून मालिनीला सांगतोय, "एवढी केस संपली की लग्न." बिचारी नऊ भाग थांबली. दहाव्यात, म्हणजे शेवटच्या भागात, पठ्ठ्या सरळ हिमालयात निघून गेला. संन्यास! मीसुद्धा पुस्तक टेबलावर आपटलं होतं, खोटं कशाला बोलू?

*

फुलंब्रीहून रोज नोकरीला येणारे विठ्ठलराव पुस्तक परत करायला आले ते लालबुंद होऊनच. "आमच्या गावातलं पोरगं असं पळालं असतं ना, वेरूळच्या पुढं जाऊ दिलं नसतं! धरून आणून मांडवात उभं केलं असतं!"

*

देशमुख सर रिटायर्ड मास्तर. त्यांनी प्रकाशकाला चार पानी निषेधपत्र पाठवलं. उत्तर आलं, "आपल्या उत्साहवर्धक अभिप्रायाबद्दल आभारी आहोत." सरांनी त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका लाल पेनानं काढल्या आणि पत्र परत धाडलं.

*

एकदा शेवटचं पान उघडून पाहिलं. खाली पेन्सिलनं कुणीतरी लिहिलेलं: "लेखकाचा निषेध." त्याखाली दुसऱ्या अक्षरात: "सहमत." त्याखाली तिसऱ्या: "वाचनालयाच्या पुस्तकात लिहू नये."

त्याखाली परत: "सहमत."

*

खरी काळजी होती ती साळवे सिस्टरांची. आयुष्यभर नर्सची नोकरी केली, लग्न केलं नाही. मालिकेचा प्रत्येक भाग परत करताना म्हणायच्या, "माझं जमता जमता राहिलं. या मालिनीचं तरी जमू दे बाबा." दहावा भाग आला आणि नेमकं त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. दोन्ही डोळ्यांचं! डॉक्टरांनी वाचायला बंदी घातली. तरी रोज संध्याकाळी काळा चष्मा लावून येऊन बसायच्या. आम्ही सगळ्यांनी ठरवलं, सिस्टरांना काही सांगायचं नाही.

एकदा विठ्ठलराव रंगात येऊन बोलत होते, "ते बेणं तिकडं हिमा..." आणि समोर सिस्टर!

"...हिमोग्लोबिन! सिस्टर, माझं हिमोग्लोबिन किती पायजे हो?"

सिस्टरांनी अर्धा तास समजावून सांगितलं. दुसऱ्या दिवशी किलोभर बीट आणून दिलं. विठ्ठलरावांना ते आमच्यासमोर कच्चं खावं लागलं.

*

हातोहाती फिरून पुस्तकाची पार लक्तरं झाली, म्हणून बाइंडर रशीदचाचांकडे दिलं. चाचा आमच्याच बैठकीतले, त्यांना सगळं ठाऊक. नवीन पुठ्ठा चढवून आणलं, मस्त! पण चाळून पाहतो तर शेवटची सोळा पानं, म्हणजे अख्खा फर्मा, गायब. जयवंत स्टेशनवर उतरतो, मालिनी हात वर करते, खलास!

"चाचा, आखरी फर्मा किधर गया?"

"साब, धागा खतम हो गया."

पान फाडणाऱ्याचं सभासदत्व रद्द, असा बोर्ड माझ्याच डोक्यावर लटकलेला. पण चाचा काही सभासद नव्हते. मी पुस्तक सिस्टरांसाठी बाजूला काढून ठेवलं.

*

अखेर सिस्टरांचा काळा चष्मा उतरला. पुस्तक घेऊन गेल्या. चार दिवस आमचा कुणाचा जीव थाऱ्यावर नव्हता. पाचव्या दिवशी आल्या त्या पेढ्यांचा बॉक्स घेऊनच!

"जमलं हो मालिनीचं!"

देशमुख सरांनी चष्मा पुसायला घेतला. विठ्ठलराव "व्हय का? व्हय का?" करत राहिले. मला तर रडूच फुटायचं बाकी होतं.

सगळ्यांना एकेक पेढा दिला. चाचांच्या हातावर मात्र दोन ठेवले.

"चाचा, काम लई सुबक केलंत. फक्त पुढच्या वेळी अनुक्रमणिका पण काढा. 'हिमालयाची हाक' हे शेवटचं प्रकरण तिथंच राहिलंय!"