पाचशे म्हणजे पाचशे

माझ्या आत्याच्या यजमानांइतका काटेकोर माणूस अख्ख्या मराठवाड्यात झाला नाही, आणि एका परीनं बरंच झालं. दोन असते तर बाजार उठला असता. आमच्याकडं आत्याच्या नवऱ्याला मामा म्हणतात. तर हे मामा वजनमापे खात्यात निरीक्षक होते. खात्यानं त्यांना वयानुसार सोडलं, पण त्यांनी खात्याला काही सोडलं नाही. भाजीला गेले की आधी तराजूतलं वजन उचलून उलटं करणार, बुडाचा सरकारी शिक्का डोळ्यांजवळ धरून बघणार आणि मग वांग्याचा भाव विचारणार. एकदा एका माळणीनं वर चार मिरच्या टाकल्या, तर त्यांनी त्या वेचून परत तिच्या टोपलीत ठेवल्या. "खुशीनं द्यायलेय की दादा!" ती म्हणाली. "कमी दिलं तर चोरी, आन् जास्त दिलं तरी चूकच, बाई." आत्यानं भर बाजारात कपाळाला हात लावला. बारशाला गेले की बाळ हातावर झुलवून "तीन किलो शंभर" असं सांगून मोकळे व्हायचे. एका आईनं दवाखान्यात दोन नऊशे भरल्याचं सांगितलं, तर हे दुसऱ्या दिवशी दवाखान्याचा काटा तपासायला गेले! तिथल्या नर्सनं हाकललं नाही हे तिचे उपकार.

तेव्हा लातूर जिल्हा नुकताच झाला होता. जिल्हा नवा, कचेऱ्या नव्या, पाट्यांचे रंग ओले आणि नळ मात्र ठणठणीत कोरडे. दुष्काळ असा की आंघोळ म्हणजे सण. पण नव्या जिल्ह्याला सगळ्या खेळांचे संघ हवेच होते, त्यात नेमबाजीचाही. कॉलेजच्या मागच्या गोदामात दहा मीटरची जागा आखली, दोन एअर पिस्तुलं आली, आणि खेळाच्या सरांनी माझा हात स्थिर आहे म्हणून मला धरलं. मी आत्याकडं राहून शिकत होते. तेवढ्यात देवणीकडच्या आमच्या गावाहून दादांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, पत्र आलं. टँकरच्या पाण्यावर आत्याच्या घरात आणखी एक माणूस नको, परत ये. मी रडून गोंधळ घातला, मामांनी मध्ये पडून चार ओळी लिहिल्या, आणि शेवटी दादा एवढ्यावर आले: नांदेडच्या निवड चाचणीत नाव लागलं तर राहा, नाही तर पुस्तकं बांध आणि ये.

आता पिस्तूल कोणतं घ्यायचं? एक लांब नळीचं, तोंडाकडं जड. दुसरं हलकं, मुठीशी बसणारं. पुण्याकडच्या मोठ्या खेळाडूंचं लांब असतं म्हणून मला लांबच हवं होतं. मामांनी ते हातावर तोललं आणि नाक मुरडलं. "लोकाच्या चपला घालून पळायलीस का? डोळे मीट. हात उचल. आता उघड." डोळे उघडले की नळी कुठं टेकलीय ते बघायचं. जडवालं दहा गोळ्यांपर्यंत दगडासारखं स्थिर राहायचं, आणि चाळिसाव्या गोळीपर्यंत माझ्या मनगटातून कळ निघायची. हलकं दमवत नव्हतं, पण थरथरायचं. मामांनी हलकं निवडलं आणि त्याच्या नळीखाली शिशाच्या पट्ट्या लावायचा उद्योग सुरू केला. टोपीच्या खुंटीला दोरा बांधून पिस्तूल लटकवायचे, ते आडवं कुठं राहतं तिथं खडूची खूण करायचे, आणि पट्टी बोटभर पुढं, अर्धं बोट मागं. सरांनी विचारलं, "अहो, किती दिवस?" "हात सांगल तवा." बारा दिवसांनी हातानं सांगितलं. त्या दिवशी पिस्तूल हातात आहे हेच मला कळेना. पोरीबाळींनो, हसू नका, मी त्या पिस्तुलाचा मुका घेतला होता.

पण मामांचा खरा हुकूम वेगळाच होता. चाचणीपर्यंत मी भरली घागर उचलायची नाही. आमच्या गल्लीत टँकर आला की बायका धावायच्या, आणि त्या रांगेत इस्त्रीचा सदरा, टोपी घालून हा रिटायर साहेब दोन घागरी घेऊन उभा! "साहेब, घागर काठोकाठ भरली का मोजून घ्या बरं," बायका फिदीफिदी हसायच्या. आत्याच म्हणाली, "अहो, कंबर मोडंल तुमची, मी आणते." "तुझे गुडघे बघ आधी," म्हणत हे पुढं. मी तेव्हा खुशाल पायरीवर बसून गंमत बघत होते. आज आठवलं की लाज वाटते.

आणि मग नांदेड. खेळाआधी पिस्तुलाची तपासणी असते. चापाला पाचशे ग्रॅमचं वजन अडकवून पिस्तूल वर उचलायचं. वजन उचललं जायला हवं. त्याआधीच चाप सुटला तर पिस्तूल नापास. तीन वेळा नापास, की खेळाडू बाद. सरांनी बजावलं होतं, चापाचा स्क्रू थोडा जास्तच आवळून ठेवा, प्रवासात स्प्रिंग ढिली पडते. मामा ऐकतील तर शपथ! "नियम पाचशेचा, तर पाचशे. वरचे वीस ग्रॅम कशाला?" घरच्या पितळी वजनावर त्यांनी चाप बरोब्बर पाचशेला लावला होता.

एसटीनं रस्ताभर हाडं खिळखिळी केली, तिथं स्प्रिंगची काय कथा. टक्! चाप सुटला. पुन्हा उचललं. टक्! मामा तरातरा टेबलाशी गेले. "तुमच्या वजनाला शिक्का हाय का?"

"आजोबा, बाजूला व्हा," तपासणारे म्हणाले.

मामांनी वजन उलटं केलं. शिक्का होता, ताजा, चालू सालचा. वजनात खोट नव्हती. मामांनी ते सरळ करून टेबलावर परत ठेवलं. मग माझ्याकडं वळले आणि म्हणाले, "माझंच चुकलं, पोरी." एवढ्या वर्षांत हे वाक्य त्यांच्या तोंडून आत्यानंसुद्धा ऐकलं नसेल. खिशातून पेचकस काढला आणि स्क्रू फिरवला तो फिरवलाच; हवा होता त्याहून अर्धा आटा जास्त. मिरच्या परत करणाऱ्या माणसानं! तिसऱ्यांदा वजन अलगद वर उचललं गेलं.

चाळीस गोळ्या संपल्या. शेवटच्या जागेवर का होईना, माझं नाव लागलं. मी धावत मामांना शोधलं तर ते हॉलमध्ये नव्हतेच. बाहेर लिंबाखाली भिंतीकडं तोंड करून बसले होते. "बघवंना गं," म्हणाले. निवड झाली हे माझ्या चेहऱ्यावरून त्यांना कळलंच असणार. सर, मैत्रिणी, नंतर दादा, सगळ्यांनी मला किती गुण पडले तेच विचारलं. मामांनी माझा उजवा हात हातात घेतला, मनगट अंगठ्यानं हळूच दाबून पाहिलं आणि विचारलं, "दुखतंय का?"

मी नुसतं "न्हाई मामा" म्हटलं. त्यांचा स्वतःचा खांदा घागरींनी सुजला होता, हे मला परतीच्या एसटीत कळलं, पिशवी वर ठेवताना त्यांचा हात वर जाईना तेव्हा. मी उठून पिशवी ठेवली. तेव्हाच त्यांचे पाय धरायला हवे होते, पण गाडी गच्च भरलेली, आणि आपल्या माणसाचे कोण आभार मानतं? मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. राहून गेलं ते राहूनच गेलं.