मुलाची चौकशी

आमच्याकडे, मतलब इंदूरच्या मराठी घरांत, स्थळ आलं की मुलीकडचे तीन-चार फोन करतात. माणसं मोजकी. कुणाला फोन जाणार हे आधीच ठाऊक असतं, म्हणून आपणच त्यांना अगोदर सांगून ठेवायचं: "बरं का, महूहून फोन येईल हं." याला कुणी लबाडी म्हणत नाही. मीही कधी म्हटलं नाही.

माझ्या मुलासाठी महूचं स्थळ आलं तेव्हा मी तेच केलं. मंडळातल्या एका वहिनींना सांगितलं, मुलाच्या जुन्या सरांना सांगितलं, समोरच्या डॉक्टरांनाही. मुलगा एकतीस वर्षांचा, कंपनीत चांगल्या नोकरीला, आणि दोन मुलींचे नकार येऊन गेलेले. मुलीला तो आवडला होता, त्याला ती आवडली होती. हे गेल्यापासून मल्हारगंजच्या या घरात आम्ही दोघंच. सून यावी, घरात चार माणसांचा आवाज असावा, एवढं एकच मला हवं होतं. त्यात आता फक्त चौकशी पार पडायची होती.

मी बत्तीस वर्षं शाळेत शिकवलं. चारित्र्य म्हणजे काय, यावर मुलांकडून किती निबंध लिहून घेतले असतील. माझा स्वतःचा स्वभाव तापट आहे हे मला माहीत होतं, पण "बाई तोंडाने तिखट, मनाने साफ" असं लोक म्हणायचे आणि मला ते आवडायचं. खरं तर माझ्या मनात काय आहे ते बघायला कोण येतं? लोकांच्या वाट्याला तोंडच येतं. पण हा विचार आत्ताचा, तेव्हाचा नाही.

पंधरा दिवसांनी मुलीचे वडील एकटेच घरी आले. सैन्यातून निवृत्त झालेले, शांत, नेमकं बोलणारे. मुलगा घरीच होता. मी साबुदाण्याची खिचडी केली होती. त्यांनी ती संपवली, पाणी प्यायले, आणि म्हणाले, "ताई, आपल्याला न सांगता मी मागच्या आठवड्यात इथे येऊन गेलो. दोन सकाळी."

मी विचारलं, कशाला?

"फोनवर सगळेच चांगलं सांगतात. आमच्याकडेही सांगतात. मी नुक्कडवर पोहे खाल्ले आणि कचरागाडीवरच्या बाईंना विचारलं. त्या तिथेच चहा घेतात."

आमची गल्ली अरुंद, गाडी आत येत नाही. ती कोपऱ्यावर थांबते आणि आपण बादल्या घेऊन जायचं. ओला वेगळा, सुका वेगळा, प्लास्टिक वेगळं. मला तो वैताग. मी गॅलरीतून ओरडायची, "ए, थांब जरा!" आणि सगळं एकत्र भरलेली पिशवी दोरीने खाली सोडायची. ती बाई घ्यायची नाही. मग उचलली जीभ, लावली टाळ्याला. "पगार कशाचा घेतेस मग?" असंही म्हटलंय मी तिला. एकदा नाही, पुष्कळदा.

"काय म्हणाली ती?" मी विचारलं.

त्यांनी तिचे शब्द जसेच्या तसे सांगितले. "लडका अच्छा है साब. नीचे आके खुद कचरा छाँटता है, गीला अलग, सूखा अलग, फिर सॉरी बोल के जाता है. अम्मा ऊपर से बोलती है." बस, इतकंच. माझ्याबद्दल वाईट असं ती काहीच म्हणाली नव्हती.

मला राग आला. लाज नंतर वाटली, आधी राग, ते खोटं कशाला सांगू? माझी बत्तीस वर्षांची नोकरी, आमच्या घराण्याची संस्थानापासूनची इभ्रत, आणि साक्ष कुणाची, तर कचरागाडीवाल्या बाईची! हे सगळं माझ्या ओठांवर आलं होतं. समोरचा माणूस माझ्याकडे बघत होता, म्हणून गिळलं.

ते म्हणाले, "मुलगा आम्हाला पसंत आहे. मुलीला मी सगळं सांगितलं. तिची एकच अट आहे. लग्नानंतर दोघं वेगळं राहतील. आपल्याला राग येणं साहजिक आहे, ताई, पण नंतर कटकट होण्यापेक्षा आत्ता बोललेलं बरं."

मी मुलाकडे बघितलं. तो नाही म्हणेल याची मला खात्री होती. आईला एकटं टाकून जाणाऱ्यांतला तो नाही, हे मीच सगळ्यांना सांगत आले होते.

तो म्हणाला, "मला मान्य आहे."

पाहुणे गेल्यावर मी त्याला विचारलं, त्या बाईला सॉरी म्हणायला जायचास, मला एकदा तरी का नाही बोललास? तो कपबशा उचलत होता. म्हणाला, "बोललो होतो आई. दोनदा. दोन्ही वेळा तू चार दिवस माझ्याशी बोलली नाहीस." मला ते आठवतसुद्धा नव्हतं. त्याला आठवत होतं, आणि तिसऱ्यांदा सांगण्याऐवजी तो खाली जायला लागला होता.

लग्न छान झालं. दोघं भंवरकुआंच्या पुढे भाड्याने राहतात, स्कूटरने अर्धा तास. आता माझ्या बादल्या मीच वेगळ्या करून कोपऱ्यावर नेते. सुरुवातीला ती बाई काही बोलायची नाही, आता "राम राम अम्मा" म्हणते. मुलाला-सुनेला हे कळलंय. सून म्हणाली, "आई, छान केलंत." म्हणाली, पण परत राहायला येण्याचा विषय तिने काढला नाही, आणि मीही काढला नाही.

दर रविवारी दोघं जेवायला येतात. सून पोळ्या लाटू लागते, आम्ही हसतो, बोलतो. मी दिवसभर एक वाकडा शब्द काढत नाही. संध्याकाळी सहा वाजले की मुलगा घड्याळाकडे बघतो आणि दोघं उठतात. माझ्या चांगल्या वागण्यावर त्यांचा विश्वास आहे, पण एका दिवसापुरता.